रेघांची लादी, टिपक्यांची लादी

मी अंधेरीच्या एका मेट्रो स्टेशनाबाहेरची, फुटपाथवरची पिवळी पट्टी आहे. हो, तीच, जिच्यावर तुम्ही खुशाल स्कूटर लावता! मित्रांनो, मला शोभेसाठी घातलेलं नाही. माझ्या लाद्या दोन प्रकारच्या. उंच रेघांची लादी सांगते, चालत राहा. टिपक्यांची सांगते, थांब, पुढे रस्ता आहे. ज्यांना दिसत नाही, ते हे काठीने आणि तळपायाने वाचतात.

मला वाचणारा पहिला माणूस सुबोध. तो घाटकोपरला एका बँकेत टेलिफोनवर बसतो. आधी त्याची बायको माधुरी त्याला रोज मेट्रोच्या जिन्यापर्यंत सोडायची आणि मग आपल्या नोकरीवर धावत सुटायची. आठवडाभर माझ्यावर सराव करून तो तिला म्हणाला, "आता तू जा गं. मी एकटा जातो." मला केवढा अभिमान वाटला! मेट्रो वरून कितीही झोकात पळो, तिच्या जिन्यापर्यंत त्याला मीच पोचवायची. चार वर्षं पोचवला.

मग केबलसाठी खणलं. मुकादमाने माझ्या लाद्या परत बसवल्या त्या एक रेघांची, एक टिपक्यांची, रांगोळी काढावी तशा. रस्त्याच्या कडेला टिपकेच हवेत, तिथे नेमक्या रेघा आल्या. मला ओरडता येत नाही, याचा इतका संताप कधी आला नव्हता. सोमवारी सुबोध माझ्या भरवशावर सरळ चालला आणि थेट रिक्षासमोर उतरला. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, म्हणून गुडघा फुटण्यावर निभावलं.

तो तिथेच बसून बोटांनी लाद्या चाचपू लागला. "ह्या कोणी लावल्या रे?"

"मीच, साहेब," शेजारी काम करणारा मुकादम म्हणाला. "डिझाइन केलंय ना! झकास दिसतंय."

"कोणाला?"

मुकादमाने लादीवर टाच आपटून पाहिली. "आता सिमेंट सुकलं, साहेब. वरून ऑर्डर आणा."

मंगळवारी माधुरीच्या चपला पुन्हा त्याच्या बुटांशेजारून गेल्या. काठीची घडी करून त्याने बॅगेत टाकली होती.

शेवटी गोड बोलावं म्हणतात. मला नाही जमत. स्कूटरी काढा, ऑर्डर देणाऱ्यांना गाठा, भांडा. आणि तोवर कुणी काठी टेकत येताना दिसलं, तर आधी त्याला थांबवा. सांगा, ह्या पट्टीच्या भरवशावर चालू नका.