हसऱ्या आवाजातली यादी

अमेरिकेत टीव्हीवर औषधाची जाहिरात निम्म्यावर आली की एक मऊ आवाज सुरू होतो. या औषधानं चक्कर येऊ शकते, यकृत बिघडू शकतं, क्वचित मृत्यूही ओढवू शकतो, असं तो सांगतो. चित्रात तेव्हा आजी-आजोबा नाचत असतात, नाहीतर कुणीतरी कुत्र्यासाठी चेंडू फेकत असतं. तो आवाज बऱ्याचदा ऑर्विल स्टॅम्परचा असतो. जाहिरातीच्या या भागाला आम्ही धंद्यातले लोक यादी म्हणतो. यादी सुरू झाली की घराघरातली माणसं उठतात, फ्रिज उघडतात, पाणी पितात, आणि ती संपली की परत येऊन बसतात. कायद्यानं ती वाचावीच लागते, म्हणून ती असते.

सिनसिनाटीत माझा छोटा स्टुडिओ आहे, बंद पडलेल्या एका बुटांच्या दुकानाच्या तळघरात. ऑर्विल काचेच्या आत बसून वाचतो, मी बाहेर बसून यंत्रावर ते टिपून घेते. आम्हा दोघांचे केस याच धंद्यात पिकले. वकिलांना यादीतला शब्द न् शब्द हवा असतो, आणि जाहिरात करणाऱ्यांना त्यातला एकही शब्द कुणाच्या लक्षात राहायला नको असतो. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं हे काम. ऑर्विल ते करून दाखवतो. ओठांवर हसू ठेवून वाचायचं, कारण हसू दिसलं नाही तरी ऐकू येतं. पूर्णविरामाला आवाज खाली आणायचा नाही, कारण आवाज खाली आला की ऐकणारा दचकतो. 'मृत्यू' हा शब्द तो असा म्हणतो, की जणू अजून थोडी कॉफी घेणार का, असं कुणी विचारावं. तू गेलास तर ती बातमी तूच वाच, कुणाला कळायचं नाही, असं मी त्याला चिडवत असते.

गेल्या वसंतात ब्रिझोरा आलं. मधुमेहाचं औषध, पण सुईनं टोचायचं नाही. शिट्टीएवढ्या एका यंत्रातून त्याची भुकटी जेवणाआधी आत ओढायची. जाहिरातीत पांढऱ्या केसांची एक बाई तळ्याकाठी सहलीला बसलेली असते. पर्समधून ती शिट्टी काढते, एक झुरका घेते आणि सँडविच खाऊ लागते. मग तिचा कुत्रा पाण्यात उडी मारतो, आणि त्याच क्षणी यादी सुरू होते. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर ब्रिझोरा घेऊ नका, श्वासनळ्या अचानक आवळून जीव जाऊ शकतो, औषध सुरू करण्याआधी डॉक्टर तुमच्या फुप्फुसांची तपासणी करतील, वगैरे. कुत्रा बाहेर येऊन अंग झटकतो तिथे यादी संपते. जाहिरात चांगली झाली होती. मला स्वतःला मधुमेह नसतानाही ती शिट्टी घ्यावीशी वाटली होती.

ऑर्विलची थोरली बहीण नडीन नदीपलीकडे केंटकीत, मेजविलला राहते. त्यांच्या बापाची तंबाखूची शेती होती. पानं वाळवायच्या कोठारातल्या धुळीत नडीन वाढली, आणि तिथेच तिला दमा जडला. मधुमेह नंतरचा. नवरा गेला, मुलं झाली नाहीत, तेव्हा टीव्हीवर भाऊ बोलतो हाच तिचा मोठा विरंगुळा. त्याची जाहिरात लागली की ती फोन करते. बब्बा, आज संध्याकाळी तू दोनदा आलास, असं कौतुकानं सांगते. तिकडे धाकट्या भावाला बब्बा म्हणतात. ऑर्विल सत्तरीला टेकला तरी तो बब्बाच. साऱ्या अमेरिकेत यादी मन लावून ऐकणारं एकच माणूस आहे आणि ते माझ्या घरातलं आहे, असं तो सांगायचा. त्याला त्याचा अभिमान होता.

जूनमध्ये एका सकाळी तो स्टुडिओत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. नडीननं नव्या डॉक्टरची वेळ घेतली होती. तिचा जुना डॉक्टर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला होता, आणि हा नवा तिला ओळखत नव्हता. येत्या गुरुवारी ती त्याच्याकडून ब्रिझोरा लिहून घेणार होती. ऑर्विलनं तिला दम्याची आठवण करून दिली, तर ती हसली. दम्याचं काही बोलायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. फुप्फुसं तपासताना डॉक्टर नळीत फुंकायला लावतात हे तिला ठाऊक होतं. निघण्याआधी दम्याच्या पंपाचे दोन फवारे मारले की छाती मोकळी होते आणि फुंकर छान जाते, हेही ठाऊक होतं. ऑर्विलनं तिला परोपरीनं सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिचं एकच म्हणणं होतं, औषध वाईट असतं तर माझ्या बब्बानं ते असं प्रेमानं सांगितलं असतं का?

मी म्हटलं, नव्या डॉक्टरला फोन कर. तो म्हणाला, केला. दवाखान्यात बाहेर बसणाऱ्या बाईनं नाव लिहून घेतलं, निरोप देते म्हणाली. ती देईल याची त्याला खात्री वाटत नव्हती. मलाही नव्हती.

त्याच दिवशी आमचं ब्रिझोराचंच काम होतं. जाहिरातीची छोटी आवृत्ती निघत होती, तिच्यासाठी यादी नव्यानं वाचायची होती. जाहिरात एजन्सीची सेलेस्ट न्यूयॉर्कहून फोनवर होती, आणि औषध कंपनीचा वकीलही. ऑर्विल आत बसला, कानांवर हेडफोन चढवले, आणि वाचू लागला. मी मान वर केली. आवाजातलं हसू गेलं होतं. रस्त्यात धावणाऱ्या पोराला थांबवावं तसा तो वाचत होता. प्रत्येक पूर्णविरामाला तो थांबला. 'जीव जाऊ शकतो' म्हणाला आणि तिथे गप्प बसला.

मग सेलेस्टनं त्याची तब्येत विचारली. तिला वाटलं त्याला सर्दी झालीय. त्यानं दुसऱ्यांदा वाचलं, तसंच.

"ऑर्विल, ही यादी आहे, अंत्ययात्रा नाही," सेलेस्ट म्हणाली. ती मनानं वाईट नाही. नाताळला मला न चुकता बिस्किटांचा डबा पाठवते. वकिलाला विचारलं, तर शब्द सगळे जागेवर आहेत, मला दोन्ही सूर चालतील, असं तो म्हणाला आणि दुसऱ्या बैठकीला गेला. सेलेस्टनं मला सांगितलं की मोठ्या आवृत्तीतलाच आवाज कापून छोटीला जोड. मी जोडला. फार छान बसला.

ऑर्विल तेव्हा पाठीमागे उभा होता. बुधवारी मेजविलला नेशील का, असं त्यानं विचारलं. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नको म्हणून बजावलं होतं.

आम्ही जेवायच्या वेळेला पोचलो. नडीन लहानखुरी, ताठ बाई. बोटं संधिवातानं वाकडी झालेली. तिनं घेवड्याच्या बिया आणि मक्याचा पाव केला होता, आणि आमच्यासाठी ट्रान्स्परंट पाय, म्हणजे त्या गावचा खास गोड पदार्थ: साखर, लोणी, अंडी, आणि वर पुन्हा साखर. स्वतः ती त्याला शिवत नाही. मला मोठा तुकडा वाढताना तिनं अशा नजरेनं पाहिलं, की मी नको म्हणू शकले नाही.

जेवणाआधी तिनं टेबलाशीच सदरा वर केला आणि सुई काढली. ऑर्विल खिडकीबाहेर बघू लागला. मी मात्र पाहिलं. पोटावर जुने निळे, नवे जांभळे डाग, टोचायला धड जागा उरली नव्हती. वाकड्या बोटांनी सुई नीट धरता येत नव्हती. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा लागली. त्या क्षणी मला वाटलं, मीसुद्धा डॉक्टरशी खोटं बोलले असते.

"रोज चार वेळा," तिनं सदरा खाली घेत मला सांगितलं. "आणि हा म्हणतो, चालू दे असंच. त्याचं काय जातंय?"

ऑर्विलनं पुन्हा समजावायला सुरुवात केली. दम्याचं नाव घेतलं, त्यांच्या आईचं नाव घेतलं. ती त्याच्या ताटात पाव वाढत राहिली. तुला भूक लागली की तू असाच चिडतोस, लहानपणापासून, असं ती म्हणाली.

जेवण झालं. स्वयंपाकघरातला टीव्ही दुपारभर चालूच असतो. तळं दिसलं, पांढऱ्या केसांची बाई दिसली, आणि नडीननं हात वर करून आम्हाला गप्प केलं. आवाज वाढवला. कुत्र्यानं उडी मारली, आणि ऑर्विलचा आवाज त्या खोलीत पसरला.

नडीनचे ओठ हलत होते. मी नीट ऐकलं, तर ती यादी म्हणत होती. सगळी पाठ होती तिला. टीव्हीतल्या आवाजाबरोबर, त्याच लयीत, त्याच्याच हसऱ्या सुरात, रविवारी चर्चमध्ये भजन म्हणावं तशी. दमा, श्वासनळ्या, जीव जाऊ शकतो, सगळं. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. कुत्र्यानं अंग झटकलं तेव्हा तिनं शेवटचा शब्द टीव्हीच्या बरोबर संपवला आणि भावाकडे अभिमानानं पाहिलं.

ऑर्विलनं उठून टीव्ही बंद केला.

"परत म्हण," तो म्हणाला.

तिनं हसून सुरुवात केली, त्याच सुरात.

"तसं नको. तो माझा सूर आहे. तू बाजारात भाव विचारतेस ना, तशी म्हण."

तिनं प्रयत्न केला आणि अडली. सूर सोडला की शब्द सापडेनात. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. मग एकेक शब्द, अडखळत, डोंगर चढल्यासारखी ती पुढे सरकली. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर. ब्रिझोरा घेऊ नका. श्वासनळ्या अचानक आवळून.

तिथे ती थांबली. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा दम्याचा निळा पंप होता, तिकडे तिची नजर गेली. माझ्या ताटातला गोडाचा तुकडा अर्धा राहिला होता आणि तो खावा की नाही ते मला कळेना.

"अरे, हे माझंच आहे की," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. रागावलेली नव्हती, नुसतं विचारत होती. "मग बब्बा, तू हे हसत का सांगतोस?"

ऑर्विलनं तो पंप उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. इतकी वर्षं मी त्याचा आवाज टिपून घेतेय. मला त्याची दया आली, आणि माझीही थोडी आली.

गुरुवारी ती डॉक्टरकडे गेली आणि दम्याचं स्वतः सांगितलं. बाहेर बसणाऱ्या बाईनं निरोप दिलाच नव्हता. डॉक्टरनं ब्रिझोराचं नाव काढलं नाही. आखूड सुया लिहून दिल्या आणि पोटाऐवजी मांडीत टोचायला शिकवलं. थोडं बरं आहे म्हणते. सुया मात्र रोज चारच आहेत.

ऑर्विलनं काम सोडलं नाही. सोडून करणार काय? सप्टेंबरमध्ये त्यानं सांधेदुखीच्या एका गोळीची यादी वाचली, नेहमीच्या हसऱ्या आवाजात, आणि सेलेस्ट फार खूश झाली. जाहिरात लागली त्या संध्याकाळी तो माझ्याकडेच होता. फोन टेबलावर ठेवून बसला होता. फोन वाजला नाही, तेव्हा त्यानंच लावला. इकडचं तिकडचं झालं, हवेचं झालं, मांडीतल्या सुईचं झालं. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, माझी नवी यादी लागली होती, ऐकलीस का?

मला तिचा आवाज फोनमधून स्वच्छ ऐकू आला.

"नाही रे बब्बा," ती म्हणाली. "मी पाणी प्यायला उठले होते."