डोंगराखालच्या वस्तीला जाणारी जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. विद्यापीठाच्या गॅरेजमागे, पडक्या कुंपणाला टेकून मी उभी असते. माझी दोन चाकं कधीच काढून नेली आहेत आणि त्यांच्या जागी विटा रचल्या आहेत. माझ्या दारावर कधीकाळी निळ्या अक्षरांत 'संशोधनासाठी' असं लिहिलं होतं. ऊन-पावसाने बाकीची अक्षरं खाल्ली, 'ना'चा कानाही खाल्ला आणि मधलं 'धन' तेवढं उरलं. येणारी-जाणारी पोरं ते वाचतात, माझ्या गंजलेल्या टपाकडे बघतात आणि खो खो हसतात. हसू देत बिचारी.

कारखान्यातून मला घेऊन आले ते ड्रायव्हरकाका. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि मी पांढरीशुभ्र होते. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत. माझं दार कोणी धाडकन आपटलं की त्यांच्या काळजावर घाव पडे. "अहो साहेब, दार आहे ते, शत्रूचं थोबाड नाही," असं ते मोठमोठ्या प्राध्यापकांनाही ऐकवत. प्राध्यापक ओशाळत आणि पुढच्या वेळी पुन्हा दार आपटत.

माझं काम सोपं होतं. ज्याला काही शोधायचं असेल त्याला तिथवर न्यायचं. किड्यांचा अभ्यास करणारे काचेच्या बरण्या घेऊन बसत. जुने शिलालेख वाचणारे त्यांचे ठसे घेतलेल्या ओल्या कागदांची भेंडोळी घेऊन बसत. बाजारातले भाव विचारत फिरणारी अर्थशास्त्राची मंडळी सगळ्यांत जास्त खात आणि सगळ्यांत जास्त सांडत. एकदा प्राणिशास्त्राच्या मुलांचा एक बेडूक माझ्या सीटखाली राहून गेला. दुसऱ्या दिवशी तो इतिहासाच्या सरांच्या मांडीवर प्रकटला. सर दोन्ही पाय वर घेऊन इतक्या जोरात किंचाळले की काकांनी करकचून ब्रेक मारला. ते दिवस फार चांगले होते.

माझ्यातून फिरणाऱ्यांपैकी तीन विभागांची माणसं एकाच तीन मजली इमारतीत काम करत. खाली भूशास्त्र, मधे समाजशास्त्र, वर भाषा विभाग. जिना एक आणि पाण्याची टाकीही एकच. जिन्यात भेटले की "काय, बरं आहे ना?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता आपापल्या मजल्यावर निघून जायचे.

आता मी तुम्हांला ज्या वस्तीबद्दल सांगणार आहे ती एका उंच डोंगराच्या पायथ्याशी होती. वीस-बावीस घरं, मधून वाहणारा एक झरा आणि एक अरुंद कच्चा रस्ता. त्या वस्तीला मी पहिल्यांदा गेले ते भाषा विभागातल्या बाईंना घेऊन. त्या जुनी गाणी गोळा करत, म्हणून सगळे त्यांना गाणीबाई म्हणत. बाई प्रेमळ होत्या. म्हाताऱ्या माणसांशेजारी जमिनीवर फतकल मारून बसायच्या आणि तासन् तास ऐकायच्या.

काका माझ्या रेडिएटरसाठी पाणी आणायला झऱ्यावर गेले होते. माझ्यासमोरच्या अंगणात बाईंनी आवाज टिपायचं यंत्र मांडलं होतं, एक आजी गात होती आणि तिच्या मांडीवर तिची रांगती नात बसली होती. पोर सारखी माझ्याकडे हात करून 'पों, पों' ओरडायची. आजी गात होती ते गाणं असं होतं:

*नीज गं बाई, हळू श्वास घे,*
*डोंगर कूस बदलेल.*
*मागल्या खेपेला बदलली तेव्हा*
*सात चुली विझल्या.*

"आजी, हे खरंच घडलं होतं का हो?" बाईंनी विचारलं.

"कुणास ठाऊक बाई. माझी आजी म्हणायची, म्हणून मी म्हणते. पोर झोपते, एवढं खरं."

बाईंनी परत येऊन त्या गाण्यावर एक सुरेख लेख लिहिला. डोंगर म्हणजे मृत्यू आणि विझलेली चूल म्हणजे बाईचं आयुष्य, असं त्यात होतं. लेखाचं फार कौतुक झालं. बाईंना शाल मिळाली आणि ती शाल पांघरून त्या माझ्यातूनच घरी गेल्या.

पुढे पाच-सहा वर्षांनी मी त्याच वस्तीला भूशास्त्राच्या सरांना घेऊन गेले. विद्यार्थी त्यांना दगडसर म्हणत. कारण ते दगडाशी जितकं बोलत तितकं माणसाशी बोलत नसत. आजीची नात आता परकर सावरत पळायला शिकली होती. माझ्या सीटवर चढून ती हॉर्न वाजवत सुटली. दुसऱ्या कोणाला काकांनी खाली उतरवलं असतं. हिला मात्र म्हणाले, "वाजव गं पोंपों, तुझीच गाडी आहे." तेव्हापासून ती वस्तीभर पोंपोंच झाली.

दगडसर डोंगरावर गेले आणि संध्याकाळी चिखलाने माखून उतरले. त्यांचा चेहरा उतरला होता. परतीच्या वाटेवर ते आपणहून बोलले, हेच नवल.

"काका, वर माथ्यावर मोठी भेग आहे. हात आत जातो. पण ती सरकते आहे की शंभर वर्षांपूर्वीची थंड पडलेली आहे, ते कळत नाही."

"मग लोकांना उठवा की सर तिथनं."

"नुसत्या भेगेवर? घरदार सोडून जा म्हणू? पूर्वी इथे दरड आल्याची कुठे नोंद नाही. खाली वस्तीत काही हलल्याची खूण नाही. यातलं एक जरी मिळालं ना, तर मी स्वतः सरकारदरबारी जाऊन बसेन. तोवर कोण ऐकणार माझं?"

मित्रांनो, सरांनी नोंदी शोधल्या. मोठमोठी दप्तरं उघडून पाहिली. पण त्यांच्याच डोक्यावर, दोन मजले वर, कपाटात आजीचं गाणं पडून होतं. गाण्यात दरड असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अहवालात लिहिलं, 'पूर्वेतिहास उपलब्ध नाही. अधिक अभ्यास आवश्यक.' अधिक अभ्यासाला लागणारी यंत्रं मागितली. ती यायची होती, ती येतच राहिली.

मला हॉर्न होता, पण तोंड नव्हतं.

आणखी काही वर्षांनी मी तिसऱ्यांदा गेले. या वेळी समाजशास्त्राची एक तरुण संशोधक होती. घरोघर जाऊन राहणीमानाचे प्रश्न विचारायची, म्हणून तिला सर्वेताई म्हणत. तिने माझ्या बॉनेटवरच कागद मांडले आणि बायका भोवती गोळा झाल्या. काका झाडाखाली आडवे झाले होते.

"घर कसं आहे? पक्कं की कच्चं?" ताईने विचारलं.

"कसलं पक्कं! दारं लागत नाहीत मेली," एक बाई म्हणाली. "मागल्या वर्षापासून चौकटीच तिरक्या झाल्यात."

"माझं तर उघडतच नाही, खिडकीतनं जाते मी," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"आणि झरा बघ ना ताई," पोंपों मधेच म्हणाली. ती आता नऊ-दहा वर्षांची झाली होती, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. "आमचा झरा घर बदलतो. आधी इकडून यायचा, आता तिकडून येतो."

ताई हसली. तिने पोंपोंच्या वेणीला हळूच ओढलं. तिच्या कागदावर झऱ्याला जागा नव्हती. दारांबद्दल तिने 'घरांची स्थिती : जीर्ण' असं लिहिलं. परतताना ती काकांना म्हणाली, "बिचाऱ्यांची दारंसुद्धा लागत नाहीत."

"लाकूड फुगतं हो ताई," काका म्हणाले. "आमच्याकडेही तेच."

दगडसरांचं ते जुनं बोलणं काकांना कुठून आठवणार! त्यानंतर त्यांनी शेकडो माणसांची शेकडो बोलणी ऐकली होती.

पुढच्या वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. एका सकाळी, घरोघरी चुली पेटत होत्या तेव्हा, डोंगराची अख्खी बाजू खाली आली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सुट्टी नसती तर मुलं खालच्या गावात शाळेत असती.

बातमी आली तेव्हा काका मला पुसत होते. दगडसर धावत गॅरेजमध्ये आले. पायात चप्पल नव्हती. "काका, गाडी काढा." तेवढ्यात गाणीबाई आल्या. "काका, माझ्या वस्तीवर दरड कोसळली हो!" आणि मागोमाग सर्वेताई. तिला तर रडण्यामुळे बोलताच येत नव्हतं.

सर बाईंकडे वळले.

"तुमची वस्ती?" सर म्हणाले. "तुम्ही कधी गेला होतात तिथे?"

इतक्या वर्षांत ती तिघं माझ्यात पहिल्यांदाच एकत्र बसली. काका गाडी हाकत होते आणि पाऊस काचेवर आपटत होता. सर पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पूर्वी आल्याची नोंद नव्हती. एक नोंद असती तर..."

गाणीबाई हळूच म्हणाल्या, "सात चुली विझल्या." आणि मग त्यांनी ते अख्खं गाणं म्हटलं. चाल न लावता, नुसते शब्द.

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. "हे कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"तुम्ही तिथे जायच्या आधीपासून."

मागच्या सीटवरून सर्वेताईने विचारलं, "सर, डोंगर सरकायला लागला तर घरांची दारं अडकतात का हो?" तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "झरे जागा बदलतात का?"

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकांनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. नंतर डोळे पुसून पुन्हा गिअर टाकला. कोणी कोणाला दोष दिला नाही. त्यापेक्षा कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

वस्ती नव्हतीच. जिथे अंगण होतं तिथे लाल माती होती आणि मातीत एक झाड उलटं रुतलेलं होतं. वाचलेली थोडी माणसं खालच्या गावातल्या शाळेत होती. आजी तिथे होती. डोळे दाखवायला ती आदल्या दिवशी खाली उतरली होती आणि बहिणीकडे राहिली होती, म्हणून ती उरली. मुलगा, सून आणि पोंपों वर होते.

शाळेच्या पायऱ्यांपाशी काकांनी मला लावलं. आजीने गाणीबाईंना ओळखलं. त्यांचा हात घट्ट धरला.

"बाई, तू तेव्हा ते यंत्र आणलं होतंस ना? मी गात होते तेव्हा माझी पोर मधेमधे ओरडत होती बघ. ऐकव ना मला. तेवढंच."

बाईंनी तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"फार वेळ नको. एकदाच."

"आजी," बाईंनी कसंबसं म्हटलं, "गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून... तिचा आवाज आम्ही काढून टाकला."

आजी रागावली नाही. तिला ते कळलंच नाही. "काढून ठेवलाय ना? मग आण पुढच्या खेपेला," ती म्हणाली. बाईंनी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. आजीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर सर्वेताईने नोकरी सोडली आणि ती त्याच डोंगराच्या पलीकडच्या वस्तीत जाऊन राहिली. दोन वर्षं भांडून तिने ती माणसं सपाटीवर आणवली. दगडसर तिच्यासोबत कचेऱ्यांमध्ये जाऊन बसत, तासन् तास, कोणी हाकललं तरी. गाणीबाई दर महिन्याला आजीकडे जात. आवाज आणला का, असं आजी दर वेळी विचारायची. एका हिवाळ्यात आजी गेली. मग बाई जायच्या थांबल्या. पुढे त्यांनी नवीन गाणी गोळा केली नाहीत.

माझं इंजिन त्यानंतर फार चाललं नाही. काकांनी खूप खटपट केली. निवृत्तीच्या दिवशी ते माझ्यापाशी आले, कोरड्या फडक्याने माझी काच पुसली आणि म्हणाले, "येतो गं." ते पुन्हा आले नाहीत. त्यांची मुलं त्यांना लांब घेऊन गेली, असं वॉचमन कोणाला तरी सांगत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आमची निगा राखा. माझं आता काही राहिलेलं नाही. मी तुमच्याकडे वेगळंच मागते आहे. तुमच्यातलं कोणी उद्या दगडांचा अभ्यास करेल, कोणी गाण्यांचा, कोणी माणसांचा. खूप शिका, मोठे व्हा. पण जे सापडेल ते आपल्याच कपाटात कुलूप लावून ठेवू नका. शेजारी बसणाऱ्याला सांगा, आणि त्याला काय सापडलं तेही विचारा. तो हसला तरी चालेल, वेळ नाही म्हणाला तरी पुन्हा विचारा. ती तिघंही चांगली माणसं होती. मन लावून काम करणारी होती. तरी असं झालं.

शहाणपण वेळेवर वाटून घेतलं नाही, की मग दुःखच वाटून घ्यावं लागतं. आणि ते कितीही जणांनी वाटून घेतलं, तरी कमी होत नाही.