करता आलं असतं

प्रदर्शनाच्या दाराशी कंपनीच्या सेलिना नावाच्या तरुण मुलीने नोटबुर्गाच्या गळ्यात ओळखपट्टा अडकवला आणि तो सरळ करत ती म्हणाली, "तुम्ही आलात, बरं वाटलं. कासिआन दर वेळी एकटेच येतात."

पट्ट्यावर 'परिवार' असं छापलं होतं. अफ्राच्या पट्ट्यावरही तेच. कासिआन मायलेकींच्या मागे उभा राहून पायाखालच्या करड्या गालिच्याकडे बघत होता.

"मी म्हटलं होतं, बाहेर कॉफी पीत बसा," तो म्हणाला. "आत नुसता गोंगाट असतो."

"आलोय तर बघू," नोटबुर्गा म्हणाली.

बघायचं असं तिच्या मनात काही नव्हतं. अफ्राची हॉटेलच्या शाळेत मुलाखत होती, कासिआनचं या बर्फाच्या यंत्रांच्या प्रदर्शनात काम होतं, घरात गाडी एकच, म्हणून तिघं पहाटे खोऱ्यातून निघून इन्सब्रुकला आले होते. मुलाखत लवकर आटोपली. बाहेर आल्यावर अफ्राने "घेतील बहुतेक" एवढंच सांगितलं. त्यावर आनंद व्हायला हवा होता, तो कुणालाच झाला नाही. मग प्रदर्शनाच्या दारातून परत फिरायला काही कारण उरलं नाही.

आत घराएवढी यंत्रं मांडली होती. बर्फाचे उतार रात्रभर सारखे करणारी ही यंत्रं, पण इथे त्यांच्या पट्ट्यांना अजून बर्फाचा कण लागलेला नव्हता. बर्फ उडवणाऱ्या तोफा नव्या नवरीसारख्या पुसून ठेवल्या होत्या. छताला लटकवलेल्या रज्जुमार्गाच्या पाळण्यात माणसं बसून फोटो काढून घेत होती. सकाळची वेळ असूनही बिअरचे पेले फिरत होते आणि डोंगरांचे मालक एकमेकांना तेच ते सांगत होते.

"आमच्याकडे नाताळात गवत होतं, गवत."

"तुमच्याकडे गवत तरी होतं. आमच्याकडे चिखल."

हसू पिकत होतं. वाटेत तीन-चार जणांनी कासिआनला हाक मारली. कुणी पाठीवर थाप दिली, कुणी "यंदा पण?" असं विचारलं. कासिआन मान हलवत होता, एकाशी तर थांबून दोन शब्द बोललाही. नोटबुर्गा बघत राहिली. गावच्या खानावळीत हा माणूस मुलगा सेव्हेरिन गेल्यापासून पाय ठेवत नव्हता. घरात त्याचं बोलणं मीठ दे, गाय अडली, दार लाव, एवढ्यावर आलं होतं. इथे त्याला ओळखणारी माणसं होती.

बर्फाखालची माणसं हुडकायची यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीचा गाळा अगदी शेवटी होता. एका मोठ्या हौदात प्लास्टिकचे पांढरे मणी भरून त्यांत बाहुले पुरले होते आणि लहान मुलं हातात यंत्र धरून ते हुडकत होती. पलीकडे छोटा मंच, समोर बाकं, आणि मंचामागे पुरुषभर उंचीचा सेव्हेरिन.

नोटबुर्गाची पावलं थांबली. फोटो तिच्या भाचीच्या लग्नातला होता. टाय सैल केलेला, कपाळावर घामाने चिकटलेले केस, काहीतरी चावट बोलून झाल्यावरचं हसू. हाच फोटो ती दोन हिवाळे घरभर शोधत होती. कपाटं उपसली होती तिने.

"तू दिलास?" तिने विचारलं.

कासिआनने ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. तो मंचावर चढला होता.

बाकं भरली. मागे उभी राहणारीही बरीच होती. सेलिनाने दोघींसाठी पुढच्या रांगेत जागा ठेवली होती, पण नोटबुर्गा कडेच्या खांबाला टेकून उभी राहिली. अफ्रा तिला लागून.

"हा माझा मुलगा," कासिआन म्हणाला. "सेव्हेरिन. बाविसावं चालू होतं."

आवाज स्पष्ट होता. मुलं शाळेत असताना कासिआन गावच्या नाटकात काम करायचा, तेव्हाचा तो आवाज. नोटबुर्गाला वाटलं होतं की तोसुद्धा त्या उतारावर राहिला.

"त्या दिवशी सकाळी तो मित्राबरोबर वर निघाला. रात्रभर बर्फ पडला होता आणि वारा सुटला होता. मी बचाव पथकातला माणूस. मला कळत होतं वर काय असेल ते. पण बाविसाव्या वर्षी बापाचं कोण ऐकतं? मी म्हटलं, जातोस तर टिवटिव्या घालून जा."

समोरचे काही जण हसले. टिवटिव्या म्हणजे छातीशी बांधायचं ते यंत्र. माणूस बर्फाखाली गेला तरी ते खुणेचे आवाज धाडत राहतं आणि वर शोधणाऱ्याच्या हातातलं तसंच यंत्र त्या मागावर जातं. अशा गावांत ते घरोघर खुंटीला टांगलेलं असतं.

"तो विसरला," कासिआन म्हणाला. "यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिलं. त्याच्या आईने ते बघितलं आणि उचलून होती तशी धावत सुटली. बर्फातून, हाका मारत, चर्चच्या वळणापर्यंत. पण बस सुटली होती."

अफ्राने झटक्यात आईकडे बघितलं. नोटबुर्गा बघत होती मंचाकडे.

"दुपारी बर्फाचा कडा सुटला. आम्ही वर पोचलो तेव्हा आमच्या हातात नुसत्या लांब काठ्या होत्या. बर्फात खुपसायची, काढायची, पाऊलभर सरकायचं, पुन्हा खुपसायची. अंधार पडेपर्यंत. सापडला तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा तो अजून ऊबदार होता. थोड्या वेळाची चूक झाली. हे त्याच्या छातीवर असतं, तर आज तो तुमच्यासारखा इथे बिअर पीत उभा असता."

त्याने तळहातावरचं नवं यंत्र उंच धरलं. कुणीतरी नाक ओढलं.

खरं वेगळं होतं. सेव्हेरिनचं यंत्र त्याच्या छातीवरच होतं. घट्ट बांधलेलं, चालू. कासिआनच्या हातातल्या यंत्राने त्याला सरळ मुलापर्यंत नेलं होतं, इतकं सरळ की पथकातले बाकीचे अजून फावडी जोडत होते. फार खोलही नव्हता तो. पण बर्फाने त्याला आधी देवदाराच्या खोडावर आपटलं होतं आणि मान तिथेच गेली होती. डॉक्टर म्हणाले, बर्फ थांबायच्या आत सगळं संपलं होतं. काहीच करता आलं नसतं. अंत्यविधीला आलेला जो तो हेच सांगत हात दाबून गेला. पाद्रीबाबांनी तेच सांगितलं. काहीच करता आलं नसतं, कासिआन. जणू प्रसाद वाटत होते.

आणि ती धावली नव्हती. ती तेव्हा वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत होती. उशी हनुवटीखाली दाबून तिच्यावर धुतलेला अभ्रा चढवत होती. जिन्याखालून सेव्हेरिनने आवाज दिला होता, "आई, येतो गं!" तोंड उघडलं असतं तर उशी सुटली असती, म्हणून ती बोलली नाही. मग दार लागल्याचा आवाज आला. अभ्रा चढवून झाल्यावर ती खिडकीशीही गेली नाही, कारण अजून तीन खाटा बाकी होत्या. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

"खोटं बोलतोय बाबा," अफ्रा दात आवळून म्हणाली. "आई, टिवटिव्या त्याच्या अंगावर होता. त्याचे कपडे आले त्या पिशवीत मी बघितलाय. चालू होता तो. मीच बंद केला."

"हळू बोल."

"मी सांगते सगळ्यांना."

नोटबुर्गाने तिचं मनगट पकडलं. लोक टाळ्या वाजवत होते. अशा वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून, दबकत दबकत.

कासिआन उतरून गाळ्यामागच्या पडद्याआड गेला. नोटबुर्गा त्याच्यामागे गेली. तिथे खोकी रचून ठेवलेली होती, एका खोक्यावर कुणाची तरी अर्धी खाल्लेली सॉसेज-पावाची बशी होती. कासिआन पाणी पीत होता. तिला बघून त्याने पेला खाली ठेवला, आणि मग हात कुठे ठेवावेत ते त्याला समजेना.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"या कंपनीवाल्यांना ठाऊक आहे?"

"कुणी विचारलंच नाही. मीच गेलो होतो त्यांच्याकडे."

"अरे पोराला विसरभोळा केलास तू! स्वतःच्या हाताने पट्टा बांधला होता त्याने. शहाणा होता तो. तू शिकवलं होतंस तसं सगळं केलं त्याने, आणि तू जगाला सांगत सुटलास की..."

पलीकडून मुलांचा ओरडा आला. कुणाला तरी बाहुला सापडला होता.

"सगळं बरोबर केलं त्याने," तो शेवटी म्हणाला. "मीपण केलं. सगळं बरोबर केलं, बुर्गी. मग उरलं काय?"

तिने खोक्यावरची बशी उगाच सरळ केली.

"घरी तो मेलेलाच असतो," तो म्हणाला. "सकाळी उठलं की मेलेला. इथे बोलायला लागलो की वाटतं, थोडक्यात हुकलं. वाचला असता." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तुला सांगायला हवं होतं. फोटोचं तरी."

"मला का पळवलंस?" नोटबुर्गाने विचारलं. "त्या गोष्टीत. मला का पळवलंस रस्त्यावरून?"

त्याने तिच्याकडे नीट बघितलं, खूप दिवसांनी.

"तू पळाली असतीस," तो म्हणाला. "तुला दिसलं असतं तर पळाली असतीस."

ती वळून बाहेर आली. अफ्रा मण्यांच्या हौदाजवळ हाताची घडी घालून उभी होती, डोळे लाल. "चल ना," ती म्हणाली. "गाडीत जाऊन बसू. मला त्याच्या शेजारी उभंसुद्धा राहायचं नाही." नोटबुर्गाने कोट शोधायला सुरुवात केली, तेवढ्यात एक बाई जवळ आली. जाड विणीचं जाकीट घातलेली, हातात कंपनीच्या दोन पेट्या.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या... तुम्ही आई ना त्याच्या?"

पट्ट्यावर लिहिलंच होतं. नोटबुर्गाने मान डोलावली.

"माझ्या दोन मुली आहेत. थोरली अशीच आहे, आखलेल्या वाटेने जाणार नाही म्हणजे नाही. मी रोज सकाळी भांडते तिच्याशी, मग पस्तावते. म्हटलं, भांडून गेली आणि काही झालं तर?" बाईने पेट्या छातीशी धरल्या. "तुम्ही एवढ्या धावलात. निदान तुम्हाला तेवढं तरी... म्हणजे, विचारू नये, पण त्याने बघितलं का हो तुम्हाला? की बस निघूनच गेली होती?"

अफ्राने आईकडे बघितलं. पडदा सारून कासिआन बाहेर आला होता आणि तिथेच थांबला होता. आता एक वाक्य पुरे होतं. मी खाली उतरलेच नव्हते, बाई. यंत्र त्याच्या अंगावर होतं. तुमच्या त्या पेट्यांचा काही उपयोग नाही. नोटबुर्गाला ते वाक्य जिभेवर आलेलं कळत होतं, त्याची चवही कळत होती.

बाई वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिच्या थोरलीसाठी होतं.

"बघितलं," नोटबुर्गा म्हणाली.

"बघितलं?"

"मागच्या बाकावर बसला होता. काचेतून दिसले मी. मी यंत्र हलवून दाखवत होते, ओरडत होते. त्याला वाटलं, मी त्याला निरोप द्यायला आलेय." तिने हात थोडा वर करून दाखवला. "त्याने हात केला मला. हसत होता."

बाईने हातातल्या पेट्या तशाच एका काखेत दाबल्या आणि मोकळ्या हाताने नोटबुर्गाचा खांदा घट्ट धरला. मग पैसे द्यायच्या रांगेकडे निघून गेली.

नोटबुर्गा तिथेच उभी होती. छातीत काहीतरी भयंकर धडधडत होतं, धावून आल्यासारखं. ती अफ्राकडे बघायला धजत नव्हती. पोरगी आता ओरडणार, गळ्यातला पट्टा तोडून टाकणार, तुम्ही दोघंही सारखेच म्हणणार. म्हणू दे. खरंच होतं ते.

अफ्रा जवळ आली. त्या दिवशी ती शाळेच्या वसतिगृहावर होती. घरातली सकाळ कशी गेली ते तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "टिवटिव्याचं सोड. बाबाचं सोड. पण त्याने हात केला होता? तेवढं खरं आहे?"

मंचावर सेलिना माईक तपासत होती. दुपारच्या कार्यक्रमासाठी बाकं पुन्हा भरू लागली होती. कासिआन दोन पावलं पुढे आला. त्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि तोही उत्तराची वाट बघत होता. सगळं ठाऊक असलेला तो, अगदी अफ्रासारखाच.

"हो," नोटबुर्गा म्हणाली.

"कुठला?"

"डावा. उजव्याने समोरची दांडी धरली होती. बस वळणावर कलते ना तिथे, म्हणून."

अफ्राने डोळे मिटले. आणि कासिआनने हळूहळू मान डोलावली. एवढ्या दिवसांनी त्यालाही ते आत्ताच आठवलं असावं, तशी.