कॅसेटवरचे आबाजी

बाजारात बैलाचे दात पाहावेत तसे आबाजी त्या टेपरेकॉर्डरकडे बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्याच्यात मागनं कुणी शिरत न्हाय ना?"

"न्हाय, आबा," फिरोज म्हणाला. "ह्याला नेट न्हाय, सिम न्हाय. तुमी बोलाल तेवढंच हितं राहील."

"अन् न बोललेलं?"

"ते कुठनं येईल?"

"बघ बाबा. सिकंदरभाईचा पोरगा म्हणून बोलावलंय. दुसऱ्या कुणाला वसरीवर चढू दिलं नसतं."

सिकंदरभाईंचे बारामतीतल्या जळोचीत टेप-रेडिओ दुरुस्तीचे आणि फोटोचे दुकान होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि दुकान फिरोजकडे आले. चारचौघांत भिंतीला लागून उभा राहणारा हा मुलगा जुनी यंत्रे वापरतो, याचे बारामतीत लोकांना हसू येई. त्याने कारण कधी कुणाला सांगितले नाही. अब्बांच्या उजव्या गालावर तारा जोडायच्या डागणीच्या तापल्या टोकाने पडलेला एक व्रण होता. ते गेल्यानंतर त्याने मोबाइलमधले त्यांचे फोटो उघडले, तर तो व्रण एकाही फोटोत नव्हता. फोनने कुणाला न विचारता, आपल्याच मर्जीने तो पुसून टाकला होता. गुळगुळीत गालाचा तो गृहस्थ अब्बांसारखा दिसे, पण अब्बा नव्हता. त्या दिवसापासून फिरोजने अब्बांचाच रोलचा कॅमेरा आणि कॅसेटचा टेप हाती धरला, आणि नव्या प्रत्येक वस्तूकडे तो चोराकडे पाहावे तसा पाहू लागला.

कळसच्या आबाजींना नेमका असाच माणूस हवा होता.

आबाजी धनगरी ओव्या गाणारे. त्यांनी एक कान तळव्याने दाबून धरावा, ओवी उचलावी आणि मागच्यांनी ती झेलावी, हे पन्नास वर्षे चालले होते. आपली ओवी त्यांनी कधी कुणाला भरून घेऊ दिली नाही. आपल्यामागे ती उचलण्याचा मान कुणाचा, हेही कधी चारचौघांत सांगितले नाही. मग आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या पुतण्याने, मल्हारने, गावच्या ग्रुपवर एक आवाज टाकला. त्यात आबाजी म्हणत होते, 'माझ्यामागं ओवी मल्हारच उचलंल.'

आबाजींनी तो ऐकला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असे आपण बोललोच नाही, आणि हा आवाजही आपला नाही! गावकरी म्हणाले, आवाज तर हुबेहूब आहे. आणि मग तेच गावकरी म्हणाले, हुबेहूब आहे म्हणूनच तर शंका. आजकाल यंत्र कुणाच्याही गळ्याने बोलते. आबाजींनी बिरोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली. त्यानंतर बोलायला काही उरले नाही. मल्हार खोटा ठरला. गावच्या बैठकीतून उठला तो बारामतीला गेला. तिथे एका कारखान्यात तो पाळीवर जाई, कधीमधी फिरोजला भेटे. गावाकडे फिरकला नव्हता.

आज आबाजींना तो मान मागे ओवी झेलणाऱ्या मोहनरावांना द्यायचा होता, आणि तो असा द्यायचा होता की पुढे कुणाला खोडता येऊ नये.

आधी फिरोजने त्यांचा फोटो घेतला. आबाजींनी हात पुढे केला. "दाव."

"आत्ता न्हाय दिसत, आबा. रोल धुवावा लागतो."

"हे बेस. लगी लगी दिसतं ते खोटं असतंया."

आतून चहा घेऊन आलेल्या भामाबाई म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मला लगी लगीच दिसताय की तुमी."

"तू गप!"

फिरोजने दोन बटणे एकदम दाबली. कॅसेटची चाके फिरू लागली. आबाजी घसा खाकरून म्हणाले, "मी आबाजी, कळसचा. मोबाइलवरलं माझं बोलणं खोटं हाय. ते मल्हारनं यंत्रातनं काढलंय. माझ्यामागं ओवी मोहनराव उचलंल." मग टेपला दरडावल्यासारखे म्हणाले, "बास!"

फिरोजने फीत मागे घेतली आणि चालू केली. वसरीवर एक किनरा, जरासा नाकातला, थकलेला आवाज उमटला.

आबाजींच्या हातातली बशी कलंडली. "ह्यो कोण?"

"तुमी, आबा."

"मी? ह्यो शेरडावानी बोलणारा मी?" ते ताडकन उठले. "तूबी त्याला मिळालास व्हय रं? बारामतीत दोघं एका ताटात जेवता काय?"

फिरोजचे कान तापले. अशा वेळी खाली मान घालून निघून जायचे, ही त्याची जन्माची सवय. पण खोटेपणाचा आळ त्याच्यापेक्षा अब्बांच्या टेपवर आला होता. तो एवढेच म्हणाला, "चाची, तुमी बोला यात."

"मी काय बोलू? चहा गार झालाय म्हणावं."

मग त्याने टेपवर स्वतःचेही नाव सांगितले आणि तिन्ही आवाज पुन्हा लावले. आबाजी कान देऊन ऐकत होते. "ही भामा. येकदम भामा. ह्यो तू. पण पयला मी न्हाय."

"अवं, पयले तुमीच हाय," भामाबाई म्हणाल्या. "पण मधली बाई कोण? एवढी चिरकते? मी न्हाय बाई ती."

फिरोजला हसू आले आणि तिथेच विरले. स्वतःचा आवाजही त्याला परक्याचाच वाटला होता. अब्बा म्हणत, आपला आवाज आपण हाडांतून ऐकतो, जग तो वाऱ्यावरून ऐकते. आबाजींनी तर जन्मभर कानावर तळवा दाबून स्वतःला आतूनच ऐकले होते. आणि मग पायाखालचा दगड हलावा तसा एक विचार त्याच्या मनात हलला. मोबाइलवरचा आवाजही त्यांनी 'माझा नाही' म्हणूनच नाकारला होता.

ही कॅसेट अशीच गुंडाळून दिली, तर मल्हार जन्माचा लबाड ठरणार होता.

"आबा," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मल्हारनं टाकलेला आवाज... तोबी असाच होता का? शेरडावानी?"

आबाजींनी भामाबाईंकडे पाहिले. भामाबाई पदराच्या काठाला पीळ देत होत्या.

"तुला ठावं हाय," आबाजी म्हणाले.

"व्हय," भामाबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. तुमी माळावर मेंढरं कातरत होता. मल्हारनं येक ओवी म्हणली आन् तुमचं डोळं भरलं. तवा बोलला, त्याचा मोबाइल चालूच व्हता. मी भाकरी घेऊन आलेवते."

"मग तवाच का न्हाय बोललीस?"

"कवा बोलू? मला कळायच्या आत तुमी देवळात भंडारा उचलला व्हता. माझ्या तोंडानं तुमची शपथ खोटी पाडू?"

कोपऱ्यातल्या ढोलावर एक माशी बसली होती. आबाजी तिच्याकडे पाहत राहिले. आजवर त्यांनी मल्हारवर, मोबाइलवर, साऱ्या जगावर संशय घेतला असेल. आपल्या स्मरणावर तो घेण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"लाव त्याला फोन," ते शेवटी म्हणाले.

फिरोजने फोन लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"मल्हार," आबाजी म्हणाले, "तू खरा हायस. मी इसरलो. बिरोबापुढं तसं सांगंन मी, समद्यांच्या देखत. गावाकडं ये."

पलीकडून कारखान्यातल्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मग मल्हार म्हणाला, "फिरोज, हा तुझा नंबर हाय. खरं सांग, कुणी बनवलाय हा आवाज? माझी चेष्टा लावलीय का?"

"मल्हार, आबाच हायत. माझ्यासमोर बसल्यात."

"आबा असं कधी बोलत न्हायत," मल्हार म्हणाला, आणि फोन कट झाला.

फिरोजने पुन्हा लावण्यासाठी बोट उचलले. आबाजींनी त्याचे मनगट धरले.

"नगं. त्यो बरोबर बोलतोय. मीबी ह्येच म्हणालो असतो." त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. "त्याची पाळी कवा सुटती?"

"पाचला."

"तुझ्या गाडीवर मागं जागा हाय न्हवं?"

भामाबाई उंबऱ्यात आल्या. "अवं, पटका तरी बांधा. बोडक्या डोक्यानं कुठं निघालाय?"

"ऱ्हाऊ दे. तोंड नीट दिसलं पायजे त्याला," म्हणत आबाजी अंगणात उतरले.