श्री कुठला काढायचा

निलंग्याच्या डोळ्यांच्या शिबिरात नावं पुकारायचं यंत्र मंजुश्रीनं लातूरहून करून आणलं होतं. आजवर हे काम बसवंत करायचा, भोंगा घेऊन, गुरं हाकल्यासारखं. म्हाताऱ्या माणसांवर असं ओरडलेलं तिला ऐकवत नसे. पण डॉक्टर उजमांनी बजावलं होतं, "दुपारपर्यंत नीट चाललं तर ठेवू. नाहीतर बसवंत आहेच."

आदल्या दिवशी चाचणीत यंत्र "श्री डॉट साहेबराव" म्हणालं होतं. नोंदणीवाल्यांनी कुणाच्या नावाआधी 'श्री.' लिहिलेलं, कुणाच्या नाही. म्हणून सकाळची पूजा आटोपून तिनं यंत्राच्या जावा प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: नावाच्या सुरुवातीला श्री दिसला की पुसून टाक. श्री पुसायचा म्हणजे देवाचं अक्षर पुसायचं, बोट अडखळलं. "शिवा, सांभाळून घे," म्हणत तिनं कळ दाबली.

शिबिर भरलं. यंत्र गोड आवाजात बोललं, "मती हुसेनबी."

मांडवात हशा पिकला. हुसेनबी कमरेवर हात ठेवून उठल्या. "अगं माय, डोळे दाखवाया आले मी. माझी मती कुणी काढली भायेर?"

"आजी, यंत्राचीच गेलीय," बसवंत भोंगा पुसत म्हणाला.

त्या आत गेल्या. पुढचं नाव आलं, "शैलप्पा."

पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ हलेनात. "मी श्रीशैलप्पा. श्रीशैलाच्या मल्लय्याला नवस बोलून ठेवलेलं नाव हाय. अर्ध्या नावावर न्हाई उठणार."

"काका, नंबर जाईल तुमचा!" बसवंत म्हणाला.

"जाऊ दे की. नाव न्हाई जाऊ देणार."

मंजुश्रीनं संगणक पुढं ओढला. डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं ओळ परत वाचली.

`^श्री[.\\s]*`

टोपीसारखं चिन्ह बरोबर होतं. ते सुरुवातच पाहत होतं. घोळ शेवटच्या चांदणीचा. टिंब किंवा मोकळी जागा असली तरी चालेल, नसली तरी चालेल, असं ती म्हणत होती. म्हणून आईबापानं ठेवलेला श्रीही गेला आणि श्रीमतीतली मती तेवढी उरली. मानाचा श्री नावापासून सुटा असतो. नावातला श्री नावाला चिकटलेला. तिनं चांदणीच्या जागी अधिकचं चिन्ह ठेवलं, म्हणजे एखादं टिंब किंवा जागा हवीच. आणि मती असली तर तीही सोबत जाऊ दे.

`^श्री(मती)?[.\\s]+`

तिनं कळ दाबली.

"श्रीशैलप्पा."

म्हातारे ताडकन उठले. "हाव! हाय की!" धोतराचा सोगा सावरत ते असे निघाले, जणू सत्कारालाच चाललेत. मांडवात कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. त्यांच्या मागून साहेबराव गेले, धोंडाबाई गेल्या, श्रीदेवी, श्रीमंत, मन्मथ, सगळे आपापल्या पुऱ्या नावानिशी.

दुपारी डॉक्टर म्हणाल्या, "मुखेडच्या शिबिरालाही हेच न्यायचं. आणि तूच यायचंस."

मंजुश्री हसली. बसवंत जवळ येऊन घुटमळला.

"ताई, माझं बी नाव घ्यायला लाव की एकदा."

तिनं लावलं. भरल्या मांडवात त्याचं नाव घुमलं, आणि बसवंत भोंगा खाली ठेवून मोठ्यानं ओरडला, "हजर!"