चंद्रभान आबाजींचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो

मित्रांनो, सिंदीच्या एका फोटो स्टुडिओत उभा जन्म काढलेला मी म्हातारा कॅमेरा. माझा पट्टा सोलला आहे, बटणांवरची अक्षरं पुसली आहेत, पण काच अजून चोख आहे. ती फुटली असती तर बरं झालं असतं, असं परवापासून वाटतं. मला फार लाज वाटते आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला माणसांत आणलं ते किशोरभाऊंनी. काय दिवस होते, विचारू नका! हळद, लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, माझ्याशिवाय पान हलत नसे. "कॅमेरा आला काय?" असं विचारून मगच नवरदेव घोड्यावर बसायचा. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. बाहेर काढत ते एकाच कामासाठी. कोणी वारलं, की घरची माणसं जुना फोटो घेऊन येत. किशोरभाऊ माझ्याकडून त्याचा फोटो काढून घेत, कॉम्प्युटरवर त्यातला रंग उतरवत आणि चौकात फ्लेक्स लागे. आमच्याकडे हा रिवाजच आहे. वाढदिवसाचा फोटो रंगीत, गेलेल्या माणसाचा ब्लॅक अँड व्हाइट. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

किशोरभाऊंची भाची समीक्षा वर्ध्याला शिकते. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोक्यात हौस शिरली की ठाऊक असलेलंही सुचत नाही. तिनं मामाकडून मला मागून घेतलं आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर टेकडीवरच्या जुन्या विद्यापीठात फोटो काढायला नेलं. दगडी कमानी, लांबच लांब व्हरांडे, कडुनिंबाची गार सावली! इतक्या वर्षांनी कपाटाबाहेरचं ऊन पाहून मी हरखून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

तिथे चंद्रभान आबाजी भेटले. भेटले कसले, दिसले. जवळच्या गावचे शेतकरी. दर रविवारी होस्टेलच्या मेसला भाजी आणून देतात. वांग्यांची पोती उतरवून घामाघूम झाले होते. सदरा वाळत घालून, नुसत्या बनियनवर, कमानीला टेकून त्यांचा डोळा लागला होता.

"काय फ्रेम हाय!" समीक्षा म्हणाली आणि तिनं मला डोळ्याला लावलं.

तिचा मित्र निकेश म्हणाला, "विचार ना आधी त्याईले."

"विचारलं तं ताठ होऊन बसतीन. मंग काय मजा?"

खट्! मी माझं काम केलं. मी काढला तेव्हा तो फोटो रंगीत होता. तिनं माझं कार्ड काढून तो आपल्या मोबाइलवर घेतला, रंग उतरवला आणि स्टेटसला टाकला. थोड्या वेळात मोबाइल टिणटिण करू लागला. "पाह्य निकेश, लोकं हात जोडून राह्यले माह्या फोटोले!" ती आनंदानं म्हणाली. मित्रांनो, ते हात कशासाठी जोडले होते ते मला कळलं. पण मला तोंड कुठे आहे?

आबाजींच्या गावची एक मुलगी समीक्षाच्या वर्गात होती. तिनं तो फोटो गावच्या ग्रुपवर पाठवला. तिथून तो हिंगणीला, आबाजींच्या लेकीच्या घरी पोचला. आबाजी मोबाइल वापरत नाहीत आणि घरचे सगळे शेतात. खरंखोटं विचारायचं कोणाला? रविवारी बाप इथे असतो, एवढंच लेकीला ठाऊक.

आम्ही डबे उघडतो न उघडतो तोच फाटकापाशी एक मोटारसायकल थांबली. मागे बसलेली आबाजींची लेक कोकिळा उतरली ती रडत, अडखळत, पायात चप्पल नसलेली. आबाजी चहा पीत बसले होते. बापाला पाहून तिनं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"काऊन रडून राह्यली वं माय?" आबाजी घाबरून म्हणाले.

"बाबा, तुमी हाये ना? गावात साऱ्याईनं तुमच्या फोटोले हात जोडले, बाबा!"

तिनं मोबाइल पुढे केला. समीक्षाचा घास हातातच राहिला. ती उठली, जवळ गेली आणि कशीबशी म्हणाली, "आबाजी, मीच काढला. चुकलं माहं."

आबाजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून फोटो पाहिला. ते ओरडतील म्हणून मी वाट पाहत होतो. ओरडले असते तर सुटलो असतो. ते अगदी हळू बोलले.

"बनियन फाटकं हाय. तोंड उघडं हाय. साऱ्या गावानं असं पाह्यलं मले? उठवलं असतं तं सदरा घातला असता ना, पोरी."

समीक्षा रडायला लागली. तिनं फोटो काढून टाकला, पण गावच्या ग्रुपवरचा कोण काढणार? "चांगला रंगीत काढून देतो, आबाजी," म्हणून तिनं मला उचललं.

"नको," ते म्हणाले.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी यंत्र आहे, कपाटात सुखानं पडून राहीन. पण माझ्यासमोर जो माणूस येईल त्याला आधी विचारा, आणि नाही म्हणाला तर मला खाली ठेवा. त्या दिवशी आबाजींनी सदरा चढवला होता, वर खांद्यावरून दुपट्टाही घेतला होता. तरी माझ्यासमोरून जाताना त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले होते.