काजळराजाचा उजवा हात

नवऱ्याला मी 'अहो' म्हणते. लग्न झाल्यापासून म्हणते, अजूनही तोंडातून तेच निघतं. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. गोष्ट माझी आहे, आणि माझ्या गोष्टीत कुणाला किती मान द्यायचा हे मी ठरवणार.

तर आमचा सिनेमा पहिल्यांदा लोकांना दाखवायचा होता, त्या रविवारी सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला, "आज मीपण येतो. बघू तरी, काय दिवे लावलेत तुम्ही लोकांनी."

"कशाला? तुमची सुट्टी वाया जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

नाडी बांधून झाल्यावर गाठीची दोन्ही टोकं सारखी आली आहेत ना, ते त्यानं वाकून पाहिलं. मी ओट्याला धरून उभी राहिले. कारण त्या सिनेमात तो होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

आम्ही बाहुल्यांचा सिनेमा केला होता. ससा आणि कासव छापाचा नव्हे. जंगलातल्या किल्ल्यात काजळराजा राहतो. वाट चुकलेल्यांना तो जेवायला बोलावतो, पोटभर वाढतो आणि जेवण झालं की त्यांचा आवाज काढून घेतो. एक मुलगी आपल्या भावाचा आवाज परत आणायला तिथे जाते, अशी ती कथा. पडद्यावर तो काजळराजा, पण आमच्या कार्यशाळेत त्याचं नाव जावईबापू. सगळ्या बाहुल्या एका मांडणीवर एकमेकींच्या उरावर, आणि याला मात्र वेगळी पेटी, केसांना वेगळा कंगवा, अंगरख्याला वेगळी इस्त्री. इतके लाड दुसऱ्या कुणाचे होतात?

या जावईबापूला चालवायला तिघं लागतात. डोकं माझ्या डाव्या हातात असतं, आणि त्याचा उजवा हात म्हणजे माझाच उजवा हात, लांब बोटांच्या काळ्या मोज्यात घातलेला. डावा हात लांब्याकडे. तो इतका उंच आहे की दिवसभर वाकून काम करून संध्याकाळी त्याला सरळ करायला दोघं लागतात. पाय तिसऱ्याकडे. आमच्या दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणतात. ताईंचा एकच नियम: हात थांबला की बाहुली मेली. चेहरा लाकडाचा, तो काय हलणार? जीव असतो तो हातात. म्हणून 'कट' ऐकू येईपर्यंत हातानं काही ना काही करत राहायचं.

घात झाला तो या नियमानं. जेवणाच्या प्रसंगात लिहिलेलं एवढंच होतं की मुलगी जेवायला नकार देते आणि काजळराजा रागावतो. तो रागावला, गरजला, मेजावर मूठ आपटली. झालं. पण ताईंनी 'कट' म्हटलंच नाही, त्या कॅमेऱ्याच्या पडद्यात हरवल्या होत्या. आणि माझा हात थांबू शकत नव्हता. त्यानं ताटाशेजारचा चमचा उचलला आणि ताटाला अगदी समांतर ठेवला. पेला थोडा सरकवला. मग मेजावरच्या कापडाला पडलेली सुरकुती दोन बोटांनी, मधून कडेपर्यंत, सावकाश सपाट केली. आणि मगच डोकं मुलीकडे वळलं.

मला तेव्हा वाटलं, काय छान सुचलं! संकलनाच्या वेळी ते मोठ्या पडद्यावर पाहिलं आणि तो हात ओळखला. सुचलं कुठलं, डोंबल! ते मी घरी पाहत आले होते.

घरी आधी ओरडा असतो. ओरडा मला चालतो, ओरडणारा माणूस कुठे आहे ते तरी कळतं. तो गप्प झाला की भीती. गप्प होतो, चमचा सरळ करतो, पेला जागेवर ठेवतो, सुरकुती सपाट करतो. आणि मग माझ्याकडे वळतो. त्यानंतरचं मी सांगत बसत नाही. चेहऱ्यावर कधी मारत नाही, हुशार आहे. गेल्या हिवाळ्यात माझं मनगट सुजलं होतं तेव्हा कार्यशाळेत मी न्हाणीघरात पाय घसरल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. लांब्यानं तर मला रबरी चटई आणून दिली.

तो तुकडा काढून टाका, म्हणून मी ताईंच्या मागे लागले होते. "वेड लागलंय का तुला? अगं, तोच तर जीव आहे!" त्या म्हणाल्या. का काढायचा, ते मला सांगता येईना. माझी भिस्त एकाच गोष्टीवर होती. नवरा आमच्या कामाला बाहुला-बाहुलीचा खेळ म्हणायचा, त्यामुळे तो बघायला येणारच नव्हता.

आणि आता तो माझ्या शेजारून चालत होता.

सिनेमा सगळीकडे दाखवण्याआधी थोड्या अनोळखी लोकांना दाखवून त्यांची मतं घ्यायची, असं ताईंनी ठरवलं होतं. जागा म्हणजे एक लहान सभागृह. एरवी तिथे शिकवण्या चालायच्या, म्हणून प्रत्येक खुर्चीला लिहायची छोटी पाटी होती. दारातच ताईंशी आणि लांब्याशी त्याची ओळख करून द्यावी लागली. मग तो तिसऱ्या रांगेत बसला, चष्मेवाल्या एका जाड बाईंच्या शेजारी. मी कामाचं निमित्त काढून शेवटच्या रांगेत लांब्याजवळ गेले. तिथून मला त्याची मान आणि उजवा खांदा दिसत होता. मी सिनेमा पाहिलाच नाही. मी ती मान पाहत होते.

जेवणाचा प्रसंग आला. चमचा सरळ झाला, पेला सरकला. सुरकुतीवरून बोटं फिरली तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. पडद्याच्या उजेडात त्याची मान ताठ झालेली मला दिसली. त्याला कळलं होतं. घरी जायला बसनं जेमतेम अर्धा तास लागतो, एवढा एकच हिशेब माझ्या डोक्यात फिरत राहिला.

दिवे लागले. चहा आला, कागदी रुमालावर बिस्किटं आली, आणि ताई माईक घेऊन समोर उभ्या राहिल्या. "मनमोकळं बोला. वाईट असेल तर वाईट म्हणा."

चौकटीच्या शर्टातले एक गृहस्थ याचीच वाट पाहत होते. त्यांनी असे सिनेमे म्हणे कोळून प्यायलेले. त्यांनी जे गुऱ्हाळ लावलं ते थांबेना: बाहुल्यांच्या पापण्या मिटत नाहीत, जंगल पुठ्ठ्याचं वाटतं, किल्ल्याच्या दारावरच्या सात तोंडांच्या कुत्र्याला सहाच जिभा आहेत. लांब्या माझ्या कानात पुटपुटला, "सातवी उंदरानं खाल्ली, सांगू का?" एरवी मी हसून लोळले असते. मी देवाला विनवत होते, की या गृहस्थांना आणखी बोलू दे, संध्याकाळपर्यंत बोलू दे.

पण ते बसले, आणि मधल्या रांगेतून कॉलेजातली एक मुलगी उठली.

"कुत्र्याची मला काहीच भीती वाटली नाही," ती म्हणाली. "काजळराजा ओरडला तेव्हा तर हसू आलं. पण नंतर तो चमचा सरळ करतो ना... तेव्हा मी पाय खुर्चीवर घेतले."

चार-पाच माना हलल्या. एका बापाच्या मांडीवर त्याची लहान मुलगी होती, तो म्हणाला, "हिनं तिथे माझा दंड असा धरला, बघा, नखं उमटलीत. मारत नाही, काही नाही, नुसती सुरकुती काढतो. पण वाटतं, आता त्या मुलीचं काही खरं नाही."

"मला वाटलं, तिनं पळावं," आणखी कुणीतरी म्हणालं. "आणि कळत होतं, ती पळणार नाही."

लोक एकदम मोकळे झाले. जो तो त्या हाताबद्दलच बोलू लागला. बिचारे सिनेमाबद्दल बोलत होते आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून, त्याच्या देखत, त्याचंच वर्णन करत होते. एकेक वाक्य मला घरी फेडावं लागणार होतं. पुरे, आता पुरे, असं ओरडावंसं वाटत होतं आणि घशातून आवाज फुटत नव्हता.

"ज्यानं कुणी तो हात केलाय," कॉलेजची मुलगी पुन्हा म्हणाली, "त्यानं असा माणूस फार जवळून पाहिलाय."

ताईंचा चेहरा उजळला. "ती इथेच आहे! उभी राहा गं, लाजतेस काय?"

मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. तो मागे वळला, माझ्याकडे पाहून हसला, आणि त्यानंही टाळ्या वाजवल्या. लोकांना ते कौतुक वाटलं असेल. मला खुर्चीची पाठ धरावी लागली.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" बापानं विचारलं.

"लिहिलेलंच होतं," मी म्हणाले.

"छे! कुठे लिहिलेलं होतं?" लांब्या उठून उभाच राहिला. "खोटं बोलते ही. सगळं आयत्या वेळी केलंय हिनं, एकटीनं. मी तिच्या शेजारीच होतो!" कौतुकानं त्याचा ऊर भरून आला होता. अशी भाबडी माणसं देवानं कशाला घडवली असतील, असं मला त्या क्षणी वाटलं.

मग तिसऱ्या रांगेत हात वर झाला.

माईक रांगेच्या टोकाकडून एकेकाच्या हातून त्याच्याकडे सरकू लागला, आणि आता कोण बोलणार म्हणून सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तो शांत बसला होता. मी उभीच होते, म्हणून त्याच्या समोरची पाटी मला दिसत होती: तिच्यावर कप होता, बशी होती, कागदी रुमाल होता. वाट पाहता पाहता त्यानं बशीतला चमचा उचलला आणि पाटीच्या कडेला समांतर ठेवला. कप थोडा सरकवला. मग दोन बोटांनी रुमालाची सुरकुती, मधून कडेपर्यंत, सावकाश सपाट केली.

त्याला स्वतःला ते कळलं नसावं. रागावला की त्याचा हात तसाच चालतो. माझाही चालला होताच की.

सभागृहात जेवणाच्या प्रसंगाला झाली होती तशीच शांतता झाली. शेजारच्या जाड बाई त्या हाताकडे पाहत होत्या. त्यांनी आपली पिशवी उचलली आणि एक खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

माईक त्याच्याकडे पोचला. "सिनेमा चांगला आहे," तो गोड आवाजात म्हणाला. लोकांत त्याचा आवाज नेहमीच गोड असतो. "फक्त तो जेवणाचा प्रसंग खोटा वाटतो. असा माणूस नसतो हो कुठे. माझं मत विचाराल तर काढून टाका."

"असतो," जाड बाई म्हणाल्या. त्यांना माईकची गरज पडली नाही.

ताईंनी त्याच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि तिथेच राहिली. शेजारी लांब्या हळूच खाली बसला. "अरे देवा," तो म्हणाला, "आणि मी चटई आणून दिली."

"तू सांग," ताई माझ्याशी बोलल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "हात तुझा आहे. काढायचा का तो प्रसंग?"

तो पूर्ण वळून माझ्याकडे पाहत होता. ती नजर मला पाठ आहे. 'काढा' म्हटलं तर आजची रात्र कदाचित निभावेल, हे तिच्यात होतं. आणि मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? 'काढा' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी इतकी घाबरले होते की माझे दात एकमेकांवर आपटत होते.

"राहू दे," मी म्हणाले.

तो उठला. माईक नीट पाटीवर ठेवला. "चल, निघू या. उशीर होतोय."

"तुम्ही व्हा पुढे."

"चल म्हणतोय ना."

"अहो, तुम्ही व्हा पुढे," मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज चिरका आला, पण आला.

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला. कुणीही जागचं हललं नव्हतं. पिशव्या घेऊन निघायची वेळ झाली होती, चहा संपला होता, तरी सगळे बसून होते आणि उघडपणे त्याच्या हातांकडे पाहत होते. त्यानं हात खिशात घातले. मग दारापर्यंत गेला, दार लोटलं आणि बाहेर पडला.

मी खाली बसले. घराची किल्ली त्याच्या खिशात होती. माझे कपडे, माझी कागदपत्रं, सगळं तिकडे. तो आता माझ्या आईला फोन करणार, हेही मला माहीत होतं, आणि आई आधी त्याचंच ऐकणार. लांब्यानं माझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही याचा विचार करत तो हवेतच धरला होता. ताई खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडे येत होत्या. "आज माझ्याकडे चलायचं," त्या लांबूनच म्हणाल्या. "उद्याचं उद्या बघू."

बापाच्या मांडीवरची मुलगी इतका वेळ दाराकडे पाहत होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "बाबा, तो परत येईल?"

बाप 'नाही' म्हणणार होता. तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. मग सगळेच माझ्याकडे पाहू लागले.

"येईल," मी तिला म्हटलं. "पण आता सगळ्यांनी त्याला पाहिलंय."

तिला तेवढं पुरेसं वाटलं नसावं. ती बापाला आणखीच बिलगली. पुरेसं मलाही वाटत नव्हतं. जाड बाई उठल्या, पिशवी घेऊन मागे आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.